टॉवेल टाकून पकडल्यामुळे घाबरलेल्या सन कोन्यूरचा विश्वास कसा मिळवावा?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: इंदूरला राहता, ओळखीच्या घरून ५-६ महिन्यांचं सन कोन्यूर (पिवळ्या-केशरी रंगाचा छोटा परदेशी पोपट) आणलंय. तिथे त्याला टॉवेल टाकून पकडायचे, चावलं की चोचीवर टिचकी मारायचे, पंखही कापलेत. तुमच्याकडे येऊन ८ दिवस झाले तरी हात दिसला की ते मागच्या कोपऱ्यात जाऊन किंचाळतं. घरातले म्हणतात, एकदा घट्ट धरून बसा, आपोआप सवय होईल.

तेवढं मात्र करू नका. घट्ट धरलं की पक्षी थोड्या वेळानं गप्प होतो हे खरं आहे. पण तो गप्प होतो कारण सुटायला वाट नाही हे त्याला कळतं. भीती तशीच राहते, फक्त ती दाखवणं तो सोडून देतो. मग असा पक्षी आठवडाभर शहाण्यासारखा वागतो आणि एक दिवस कसलीही सूचना न देता कडकडून चावतो. तुमचं पिल्लू अजून किंचाळतंय म्हणजे ‘जवळ येऊ नका’ असं सांगायचं त्यानं सोडलेलं नाही, आणि ही जमेची बाजू आहे. त्याचं हे ‘नको’ तुम्ही दर वेळी ऐकलंत की विश्वास बसायला लागतो. पुढचं सगळं याच एका गोष्टीवर उभं आहे.

आधी डॉक्टर. पोपट आजार लपवतात, आणि दुखत असलेला पक्षी काही केल्या शिकत नाही. पिसं फुगवून दिवसभर पिंजऱ्याच्या तळाशी बसणं, श्वासाबरोबर शेपटी वरखाली होणं, नाकपुड्या ओल्या असणं, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी न्या. पक्ष्यांची माहिती असलेलेच डॉक्टर बघा. शहरात कुणी सापडले नाहीत तर महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय फार लांब नाही. सिटॅकोसिसची तपासणी विचारून घ्या. तो आजार पोपटांकडून माणसांना होतो, म्हणून वाळलेली विष्ठा झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा. घरात कुणाला ताप-खोकला झाला तर आपल्या डॉक्टरांना पक्ष्याबद्दल आवर्जून सांगा.

पिंजरा भिंतीला टेकवून ठेवा, म्हणजे पाठीमागून कुणी येणार नाही याची त्याला खात्री राहते. उंची तुमच्या छातीएवढी. जमिनीजवळ ठेवला की प्रत्येक माणूस त्याच्यावर झडप घालायला आल्यासारखा दिसतो. एका बाजूला सुती चादर घालून लपायला आडोसा करा. मधल्या जाण्या-येण्याच्या खोलीत नको, स्वयंपाकघरात तर अजिबात नको. दांड्या पेरूच्या किंवा कडुलिंबाच्या फांद्यांच्या, फवारणी न केलेल्या, साधारण १२ ते २० मिलिमीटर जाडीच्या आणि मुद्दाम वेगवेगळ्या जाडीच्या. पंख कापलेले आहेत तोवर त्या खालच्या पातळीवर बांधा आणि तळाशी जाड घडी अंथरा. असे पक्षी घाबरून उडी मारतात, दगडासारखे पडतात आणि छातीच्या हाडावर आपटून जखमी होतात. रात्री १० ते १२ तास शांत अंधार हवा.

आता माणसाबद्दल. सुरुवातीला सबंध घरानं नाही, एकाच व्यक्तीनं हे काम करायचं. पिंजऱ्यापासून ५-६ फुटांवर, थोडं तिरकं बसा आणि पेपर मोठ्यानं वाचा. एकटक बघू नका. समोर रोखलेले दोन डोळे पक्ष्याला शिकाऱ्याचे वाटतात. आजी-आजोबांनी प्रेमानं जाळीला तोंड लावून ‘मिठू मिठू’ म्हणणंसुद्धा काही आठवडे थांबवा. त्याची पिसं अंगाला चप्प बसली, मान ताणली गेली, चोच उघडी राहिली की तुम्ही फार जवळ आहात. एक पाऊल मागे घ्या. पिसं सैल झाली, एक पाय पोटात घेतला, पिसं विंचरायला लागलं, झोपण्याआधी चोच घासल्याचा करकर आवाज आला, की रोज अर्धा फूट पुढे सरका. याला ४ दिवस लागतील किंवा ४ आठवडे. कॅलेंडर बघू नका, त्याची पिसं बघा.

याच दिवसांत त्याचा सगळ्यात आवडता खाऊ शोधा. एका वाटीत ५ गोष्टी ठेवा: सूर्यफुलाचं बी, राळ्याचं कणीस, अक्रोडाचा बारीक तुकडा, डाळिंबाचे दाणे, उकडलेला मका. ३ दिवस ते आधी काय उचलतं ते पाहा. जे पहिलं संपतं ते वाटीतून कायमचं काढून टाका आणि फक्त तुमच्याकडूनच मिळू द्या. जाता-येता एक दाणा वाटीत टाकायचा आणि थांबायचं नाही, निघून जायचं. हे निघून जाणं दाण्याइतकंच मोलाचं आहे: माणूस आला, चांगलं काही देऊन गेला, काही मागितलं नाही.

ते दाण्यासाठी पुढे यायला लागलं की हात लगेच आत घालू नका. हाताशीच त्याचं वैर आहे, म्हणून मधे चमचा आणा. लांब दांड्याचा चमचा, त्यात उकडून कुस्करलेला लाल भोपळा, कोमट. अनेक पिल्लांचं भरवणं विक्रीच्या घाईत लवकर बंद केलेलं असतं, आणि ५-६ महिन्यांचं पिल्लूसुद्धा भीतीत पुन्हा मान खालीवर करत कुईकुई करायला लागतं. त्याला हट्टी म्हणू नका, चमच्यानं द्या. मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा, भाजता कामा नये; जास्त गरम खाल्लं तर गळ्याखालची अन्नाची पिशवी आतून पोळते. सिरिंजनं तोंडात सोडू नका, श्वासनलिकेत जाऊ शकतं. त्यानं स्वतः येऊन चाटायचं.

नंतर एक साधी लाकडी काडी. काडीचं टोक जाळीतून दाखवा, त्यानं चोचीनं स्पर्श केला की त्याच क्षणी जिभेनं ‘टक्’ असा एकच आवाज करा आणि दाणा द्या. दर वेळी ३ ते ५ मिनिटं, दिवसातून २-३ वेळा, आणि ते कंटाळायच्या आत थांबायचं. काडीमागे ते या दांडीवरून त्या दांडीवर जायला लागलं की मग पिंजऱ्याचं दार उघडा आणि तोच खेळ दारापाशी खेळा. त्यानंतर तुमच्या हातात एक फुटाची दांडी, तीवर चढणं, आणि शेवटी दांडीच्या जागी हात. हात कायम खालून, पोटाच्या पातळीला आणायचा. वरून आलेला हात म्हणजे त्याच्यासाठी टॉवेलच.

हातावर चढण्याच्या वेळीच बहुतेकांची मेहनत वाया जाते. पक्षी बोटावर पाय ठेवायच्या आधी चोच पुढे करून बोट धरून बघतो, जशी फांदी हलत तर नाही ना हे बघावं तशी. जीभ लागते, चोचीचा हलका दाब येतो. माणसाला वाटतं चावलं, आणि तो हात झटकन मागे घेतो. पक्षी तोल जाऊन पडतो आणि पक्कं शिकतो की ही फांदी भरवशाची नाही. म्हणून हात टेबलाच्या कडेवर टेकवून स्थिर ठेवा, बोट फळीसारखं आडवं धरा आणि चोच लागली तरी हलू नका. तेवढंही धैर्य होत नसेल तर अजून आठवडाभर दांडीवरच राहा. जाड हातमोजे मात्र नकोत. ते टॉवेलपेक्षाही भयानक दिसतात.

खरोखर चावलं तर ओरडू नका, हात झटकू नका, तोंडावर फुंकर मारू नका, अंधारात कोंडू नका. शांतपणे जवळच्या दांडीवर उतरवा, अर्धा मिनिट पाठ फिरवा आणि आठवा: चावण्याच्या २ सेकंद आधी काय झालं होतं? शेपूट पसरली, डोळ्यांतल्या बाहुल्या भराभर लहानमोठ्या झाल्या, मान ताठ झाली. इशारा दिला होता, तो चुकला. पुढच्या वेळी त्या इशाऱ्यालाच थांबा.

खाणं एकदम बदलू नका. पहिले १५ दिवस आधीचंच ठेवा, मग हळूहळू पेलेट (पक्ष्यांसाठीचं तयार दाणेदार खाद्य), शेवग्याचा पाला, मेथी, गाजर, मोड आलेले मूग वाढवा. नुसत्या बियांवर जीवनसत्त्व अ कमी पडतं. दूध-पोळी बंद. आणि आपल्या इंदुरी घरात हे सांगावंच लागतं: शेव, नमकीन, कांदा घातलेले पोहे त्याच्या वाटीत जाऊ देऊ नका. ॲव्होकॅडो आणि चॉकलेट तर विषच. हिरवी मिरची खुशाल द्या, पक्ष्यांना तिचा तिखटपणा लागत नाही.

बाहेर काढताना छताचा पंखा बंद, खिडक्यांना जाळी. नॉनस्टिक भांडं फार तापलं की निघणारा वायू पक्ष्याला काही मिनिटांत मारतो. डासांची कॉइल आणि धूप वेगळ्या खोलीत लावा. राजवाड्याजवळ घर असेल तर रंगपंचमीच्या गेरच्या (रंगांच्या मिरवणुकीच्या) दिवशी आणि दिवाळीच्या रात्री पिंजरा आतल्या खोलीत न्या, तीन बाजू झाका, लहान दिवा लावून ठेवा. त्या दिवशी शिकवणं नाही. नंतर ते दोन पायऱ्या मागे गेलेलं दिसेल, तिथूनच पुन्हा सुरू करा.

पंख पुन्हा कापू नका. कापलेली पिसं पुढच्या पिसगळतीत झडून नवी येतात, आणि उडून लांब जाता येतं हे कळलेला पक्षी चावण्याऐवजी उडून जातो. तुमच्याच हाताच्या भल्याचं आहे.

कागदपत्रांचं एक. सन कोन्यूर साइटिसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीत असल्यामुळे २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणी लागते आणि मालक बदलल्याचंही कळवावं लागतं. आधीच्या मालकांकडून कागद मागून घ्या. हे वाचणाऱ्या कुणाकडे देशी हिरवा पोपट असेल तर तो पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. त्याला गच्चीवरून उडवून देऊ नका, वन विभागाकडे सोपवा.

पुढे कधीतरी ते तुमच्यासमोर मान वाकवून डोक्याची पिसं फुलवेल. तेव्हा एकाच बोटानं, पिसांच्या उलट दिशेनं, फक्त डोकं आणि मान खाजवा. पाठीवर आणि पंखांखाली हात फिरवू नका, त्यानं वयात येताना पक्षी आक्रमक होतो. डोक्यावर मेणासारख्या पांढऱ्या नळ्यांत गुंडाळलेली नवी पिसं दिसतील. वाळलेली नळी बोटात हलकेच चोळली की भुगा होऊन गळते. जिच्या बुडाशी निळसर रंग दिसतो तिच्यात अजून रक्त असतं, ती दुखते, तिला सोडून द्या. दर ३ सेकंदांनी बोट उचला. त्यानं डोकं पुन्हा पुढे केलं तर चालू ठेवा, नाही केलं तर हात बाजूला घ्या.