वहिनींना घेऊन जुनी सिमेट्री बघायला जाताय तर

अरे, कोलकात्याला जाताय ना, मग त्याआधी वहिनींना एकदा आपलं नाशिकचं शरणपूर दाखव. १८५४ मध्ये मिशनऱ्यांनी वसवलेलं, गुलामीतून सोडवलेली आफ्रिकन पोरं इथंच शिकली, त्यातलाच जेकब वेनराइट आफ्रिका धुंडाळणाऱ्या डेव्हिड लिव्हिंगस्टनचं शव घेऊन पार इंग्लंडला गेला, १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबेत दफन झालं तेव्हा खांदा द्यायला होता तो! अशी गोष्ट आधी कानावर पडली ना की माणूस आपणहून कबरी बघायला येतो, आमच्या मिसेसचं तसंच झालं.

कोलकात्यात साउथ पार्क स्ट्रीटच्या सिमेट्रीत (१७६७ ची आहे ती) सकाळी लवकर जा, तिरप्या उन्हात झिजलेली अक्षरं उठून दिसतात, नाहीतर मोबाईलचा टॉर्च बाजूने धर, समोरून नाही. खडू, पावडर काही चोळू नको प्लीज, दगडाचा पापुद्रा सुटतो, मी डोळ्यांनी बघितलंय. संस्कृतचे अभ्यासक विल्यम जोन्स यांचा उंच मनोरा आणि कवी-शिक्षक डेरोझिओची कबर नक्की बघा. पायात बूट हवेत. दीड तासाच्या वर ताणू नको, पुढचा वेळ वहिनी म्हणतील तिथं. आणि लहान लेकरांच्या कबरीपाशी त्या थांबल्या तर घाई करू नको, फोटो पण नको, नुसता शेजारी उभा रहा.