गरोदरपणाचा पाचवा महिना, सोबत दोन लहान मुलं: तीन दिवसांच्या शहर-सहलीचं नियोजन कसं करावं?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: दिवसाला किती ठिकाणं ठरवावीत, बाबागाडी न्यावी का आणि राहायची जागा कशी बघावी. मुलं चार आणि दोन वर्षांची आहेत. प्रश्नाच्या शेवटी तुम्ही लिहिलंय, "माझ्यामुळे मुलांचा हिरमोड व्हायला नको." त्या वाक्याने मला लिहायला बसवलं.

आधी उत्तर. दिवसाला एक ठिकाण, तेही सकाळी. बाबागाडी न्यायचीच. खोली अशा ठिकाणी घ्या की दुपारी परत येऊन आडवं होता येईल, आणि तिथे लिफ्ट आहे का ते फोन करून विचारा, फोटोंवर जाऊ नका.

आता माझं सांगते. मला चोविसावा आठवडा होता. मुलगी पाच वर्षांची, मुलगा दोन पूर्ण. नवऱ्याने तीन दिवसांत अकरा ठिकाणांची यादी केली होती. त्याचं म्हणणं, बाळ आल्यावर दोन वर्षं कुठे जाणं होणार नाही, आत्ताच सगळं बघून घेऊ. बाबागाडी घरीच ठेवली, कारण "धाकटा चालतो की आता, आणि शहरात पायऱ्या फार, उगीच ओझं." दोन वर्षांचं मूल चालतं, पण स्वतःला हवं तेवढंच. पुढचं कडेवर. आणि आई बरोबर असताना ते बाबांच्या कडेवर जात नाही, हे यादी करणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

पहिल्या दिवशी तीन ठिकाणं झाली. रात्री पोटऱ्यांत गोळे आले, झोप नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी संग्रहालय. नवरा तिकिटांच्या रांगेत, मी बाहेर पायऱ्यांपाशी उन्हात, खांद्यावर बारा किलोचं झोपलेलं पोर. आणि पोट एकदम दगडासारखं कडक झालं. थोडं सैल पडलं, पुन्हा कडक. मी तिथेच पायरीवर बसले. मुलाला मांडीवर घ्यायला मांडीच उरली नव्हती, म्हणून तो शेजारी आडवा, डोकं माझ्या गुडघ्यावर. मुलीला वाटलं आपण आता इथेच बसायचंय. ती माझ्या हाताला धरून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे बूट मोजायला लागली. लाल, काळे, नाडीवाले, बिननाडीचे. दारावरच्या रखवालदाराने न विचारता खुर्ची आणून दिली आणि पाणी दिलं. त्या माणसाची मला आजही आठवण येते.

नवरा चार तिकिटं हातात घेऊन आला. मी म्हटलं, मला खोलीवर जायचंय. तो म्हणाला, "थोडं बसून घे, मग जाऊ आत." मी नाही म्हटलं. खोलीवर येऊन लघवीला गेले, दोन पेले पाणी प्यायले, डाव्या कुशीवर पडले, तेव्हा अर्ध्या तासात सगळं थांबलं. त्या खोट्या कळा होत्या. दमणूक, कमी पाणी, भरलेलं मूत्राशय, यांतल्या कशानेही त्या सुरू होऊ शकतात, आणि माझ्या बाबतीत तिन्ही होतं. संध्याकाळी डॉक्टरांना फोन करून खात्री केली.

पण घरी ती सहल "हिच्यामुळे अर्धवट राहिली" अशीच सांगितली गेली. मुलांचा हिरमोड झाला म्हणे. जाऊबाई म्हणाल्या, "मी तर आठव्यात फिरले, गरोदरपण म्हणजे काही आजार नाही." आजार नाही, कबूल. पण शरीर रोजचंही नसतं. शेवटी-शेवटी शरीरातलं रक्त जवळपास दीडपट होतं, हृदयाला तेवढं जास्त काम पडतं. सांधे धरून ठेवणारे बंध सैल पडतात, वजनाचा तोल पुढे जातो, म्हणून कंबर धरते आणि पाय मुरगळायला वेळ लागत नाही. एकीला झेपलं म्हणून दुसरीला झेपलंच पाहिजे असं नसतं. त्याच बाईला पहिल्या वेळी झेपलेलं तिसऱ्या वेळी झेपत नाही, हे मी स्वतः बघितलंय.

तिसऱ्या दिवशी आम्ही कुठेही गेलो नाही. मुलं खिडकीत बसून खाली बस वळताना बघत होती, तीन तास. मुलगी आता नऊ वर्षांची आहे. त्या सहलीतलं तिला काय आठवतं असं विचारलं तर ती बूट सांगते, त्रेपन्न जोड. पहिल्या दिवशीच्या तीन ठिकाणांपैकी एकही तिला आठवत नाही. मग हिरमोड नक्की कुणाचा झाला होता?

म्हणून माझं स्पष्ट मत: सहलीची आखणी मुलांच्या नव्हे, तुमच्या अंगाच्या हिशेबाने करा. धाकट्याला कोण उचलणार हे निघण्याआधी ठरवा आणि ते तुम्ही नसा. दोन-चार आठवडे आधीपासून बाबांच्या कडेवरची सवय लावा, ऐन रस्त्यात ती लागत नाही. तुम्ही "बस" म्हटलं की त्यावर चर्चा नाही, हेही आधीच कबूल करून घ्या. दर तासाला बसायची जागा आणि स्वच्छतागृह कुठे आहे ते बघून ठेवा.

हे आधी लिहायला हवं होतं: डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिकिटं काढू नका. जुळी असतील, वार (प्लासेंटा) खाली असेल, रक्तदाब असेल किंवा आधीचं बाळंतपण दिवसांआधी झालं असेल, तर माझं वरचं काहीच धरू नका. सगळं सुरळीत असेल तर चौदा ते सत्तावीस आठवडे हा प्रवासाला सगळ्यात बरा काळ. विमानाने जाणार असाल तर बऱ्याच कंपन्या 28 आठवड्यांनंतर डॉक्टरांचं पत्र मागतात आणि एकच बाळ असेल तर साधारण 36 पर्यंतच नेतात. यात परतीच्या तारखेचा आठवडा मोजायचा, जायच्या नव्हे. गरोदरपणात पायात रक्ताची गुठळी व्हायचा धोका वाढलेला असतो, म्हणून लांबच्या प्रवासात तास-दोन तासांनी उठून चाला. गाडीत पट्टा पोटाखालून, मांड्यांच्या वर घ्या, पोटावरून नको. तपासण्यांची फाइल सामानात नको, खांद्यावरच्या पिशवीत ठेवा.

रक्त गेलं, पाणी गेलं, कळा ठरावीक अंतराने वाढत गेल्या, एकच पाय सुजून दुखायला लागला किंवा डोकं ठणकून डोळ्यांपुढे धूसर झालं, तर खोलीवर पडून वाट बघू नका, सरळ दवाखाना गाठा. त्यासाठी तिथला बाळंतपणाचा दवाखाना खोलीपासून किती लांब आहे ते आधी बघून ठेवा. खोली निवडताना मी आता पहिलं तेच बघेन.

आणि हे उत्तर नवऱ्याला वाचायला द्यायचं असेल तर त्यांची यादी तयार व्हायच्या आधी द्या.