'कर्ता करविता' की 'करता करविता'?

एका वाचकांनी विचारलंय: "भाचीला दहावीत ९३ टक्के मिळाले. पेढा देताना म्हणाली, 'बाप्पानेच करवून घेतलं माझ्याकडून.' मी म्हटलं, मग तू वर्षभर काय केलंस? आजी माझ्यावरच चिडली. 'करवून घेतलं' म्हटल्यावर करणारा नक्की कोण? आणि 'कर्ता करविता' लिहायचं की 'करता करविता'?"

शुद्धलेखनाचं आधी उरकतो. 'कर्ता' संस्कृतातून जसाच्या तसा आला; 'करविता' मात्र आपल्या 'करविणे'चा. संस्कृतात तो 'कारयिता' झाला असता. जोडी अशी मिश्र असली तरी 'कर्ता करविता' रुळलंय, तेच लिहा. बोलण्यात 'करता' होतो, जसा 'करता-सवरता मुलगा', त्यात कुणी चूक काढू नये.

आता तुमचं भांडण. 'करवणे' हे प्रयोजक क्रियापद, म्हणजे दुसऱ्याला करायला लावणारं, निजणे-निजवणे यातलं. आई बाळाला निजवते. पण तिने कितीही थोपटलं तरी झोप बाळालाच लागावी लागते, त्याच्या वाटची झोप तिला घेता येत नाही. सुताराकडून कपाट करून घेतलं म्हटलं की रंधा कुणी मारला, याची शंका कुणाला येत नाही. तुमच्या भाचीनेही 'माझ्याकडून' हा शब्द गाळलेला नाही. तो तुम्ही ऐकला नाहीत.

त्यात हेच रूप आपण शक्य क्रियापद म्हणूनही वापरतो. "मला आता एवढं काम करवत नाही," असं आजी म्हणते तेव्हा तिच्याकडून कुणी काही करवून घेत नसतं. तिला ते जमत नसतं, एवढंच. कुणी करायला लावणं आणि आपल्याला करता येणं, दोन्ही एकाच 'करव'मध्ये.

आजीच्या बाजूने साक्ष हवी असेल तर दासबोध काढा, सहाव्या दशकातला सातवा समास:

मी कर्ता ऐसें म्हणसी । तेणें तूं कष्टी होसी ।
राम कर्ता म्हणतां पावसी । यश कीर्ति प्रताप ॥

या ओवीचा अर्थ लोक 'तू काहीच नाहीस' असा लावतात. मला तो पटत नाही. क्रियापदं बघा: म्हणसी, होसी, पावसी. तिन्हींचा कर्ता 'तूं'. राम कर्ता आहे असं म्हणणारा तूच, आणि यश पावतोस तोही तूच! समर्थ 'मी'पणा काढायला सांगतात, 'तूं' त्यांनी जागच्या जागी ठेवलाय.

माझी तक्रार वेगळीच आहे. यश आलं की आपण कर्ता शोधतो, मग तो देव असो, आईवडील असोत की क्लासचे सर. चुकीच्या वेळी मात्र वाक्यातून कर्ताच गायब: "कप फुटला", "उशीर झाला", "राहून गेलं". फार तर "माझ्या हातून चूक झाली", म्हणजे चुकला तो हात. 'देवाने माझ्याकडून चूक करवून घेतली' असं मी तरी अजून कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

तेव्हा भाचीला पेढ्यावरून छळू नका. पूर्वपरीक्षेत मार्क कमी पडले असतील, तर तेव्हा ती काय म्हणाली होती, "गेले" की "मी घालवले", ते मात्र विचारा.