राउटर पाकिटाची वाट लावतो का?

संगणकांच्या नेटवर्कवर माहिती छोट्या तुकड्यांत, म्हणजे पॅकेटांत, जाते आणि राउटर हे यंत्र त्यांना पुढची दिशा दाखवतं. त्यावरून नाशिकरोडच्या एका डिप्लोमाच्या विद्यार्थिनीचा प्रश्न आहे: "प्रोजेक्टच्या अहवालात 'राउटर प्रत्येक पॅकेटची वाट लावतो' असं लिहिलं, तर सर हसत सुटले. वाट म्हणजे रस्ताच ना? मग चुकलं कुठे? 'मार्गस्थ करतो' लिहू का?"

चुकला तो फक्त प्रत्यय. एखाद्याची वाट लावणे म्हणजे त्याचा सत्यानाश. एखाद्याला वाटेला लावणे म्हणजे रवाना करणे. 'विल्हेवाट लावणे' यातली 'वाट' तशी निरुपद्रवी, पण तिलाही आता कचऱ्याचा वास येतो.

'मार्गस्थ' मला इथे पटत नाही. त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांची पालखी मार्गस्थ होते, तेव्हा पंढरपूरपर्यंतचे मुक्काम आधीच ठरलेले असतात. पाकिटाचं तसं नसतं. नाशिकच्या द्वारका चौकात धुळ्याला जाणाऱ्याने रस्ता विचारला, तर आपण आडगावच्या दिशेने हात करतो आणि मोकळे होतो. पुढे मालेगावात कुठे वळायचं ते तिथले लोक सांगतील. राउटरही एवढंच करतो. पाकिटावरचा पत्ता आपल्या तक्त्यात बघायचा, त्याला सगळ्यात नेमकी जुळणारी नोंद शोधायची आणि पाकीट शेजारच्या राउटरकडे सोपवायचं. म्हणून एकाच फोटोची दोन पाकिटं वेगवेगळ्या रस्त्यांनी जाऊ शकतात, मागचं पुढे पोचू शकतं. पाहुण्यांना वाटेला लावल्यावर आपली जबाबदारी संपते, तशीच त्याचीही. तेव्हा 'वाटेला लावतो' हेच लिहा. 'मार्गी लावतो' जवळचं आहे, पण त्यात काम तडीस नेल्याची हमी डोकावते, आणि राउटर ती देत नाही.

मी 'पाकीट' म्हणतोय ते मुद्दाम. 1960च्या दशकात ब्रिटनमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांनी 'पॅकेट' हा शब्द निवडला, तो इतर भाषांतही सहज जावा या हेतूने. आपल्याकडे तर तो आधीच होता, आणि तोही लिफाफ्याच्या अर्थाने: पत्ता बाहेर, मजकूर आत. (खिशातलं पाकीट हरवलं की आपण पोलिसात जातो. नेटवर्कमध्ये ती सतत हरवतात. पोच आली नाही की पाठवणारा संगणक मुकाट्याने दुसरी प्रत धाडतो.)

एका राउटरपासून दुसऱ्यापर्यंतच्या उडीला 'टप्पा' म्हणा. एसटीचं भाडंही टप्प्यांवरच मोजतात, आणि चेंडूही टप्पा घेतो. 'मजल दरमजल' तर या प्रवासाचं हुबेहूब वर्णन आहे. वाट पाहणंही खरंच घडतं: राउटरपाशी गर्दी झाली की पाकिटं रांगेत थांबतात, रांग भरली की नंतर आलेली टाकून दिली जातात.

तक्ते चुकले तर पाकीट दोन राउटरांमध्येच घिरट्या घालत बसेल. म्हणून त्यावर टप्प्यांची मर्यादा लिहिलेली असते, जास्तीत जास्त 255. प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो. शून्य झालं की पाकीट फेकून देतो आणि बहुधा पाठवणाऱ्याला तसं कळवतो. त्या पाकिटापुरतं तुमचं मूळ वाक्य जसंच्या तसं ठेवायला हरकत नाही.