नवजात मृत्युदराबद्दल लिहिताना नुसत्या गरिबीवर थांबू नकोस

अगं,

तुझा ड्राफ्ट काल रात्री वाचला. मेहनत दिसते, पण विकसनशील देशांमधल्या नवजात मृत्युदरात इतका फरक का, याचं उत्तर तू "गरिबी आणि हॉस्पिटलं कमी" एवढ्यात गुंडाळलंस ते मला पटलं नाही, म्हणून फोन न करता सविस्तर लिहितेय.

पाकिस्तान आणि बांगलादेश घे. दोघांचेही २०१७-१८ चे मोठे घरोघरचे सर्व्हे आहेत. त्यात पाकिस्तानात ६६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली, बांगलादेशात साधारण निम्मी. तुझ्या हिशेबाने पाकिस्तानात कमी बाळं दगावायला हवीत ना? पण पहिल्या २८ दिवसांत दगावणारी बाळं पाकिस्तानात हजारी ४२ आणि बांगलादेशात ३०. आणि श्रीलंका, तीही काही श्रीमंत नाही, तिथे हाच आकडा हजारी ४ च्या आसपास.

मग फरक कुठे पडतो? एक म्हणजे आईची तब्येत. त्याच सर्व्हेत पाकिस्तानात बाईमागे सरासरी ३.६ मुलं, बांगलादेशात २.३, म्हणजे पाकिस्तानात अनेकदा अंगावर पिणारं मूल असतानाच परत दिवस जातात, अंगात रक्त नाही, मग बाळ कमी वजनाचं नाहीतर दिवस भरायच्या आधीच. पण याच्यावरून लगेच "बांगलादेशात मुलींची लग्नं उशिरा होतात" असं ठोकून देऊ नकोस हं, तिथे बालविवाह पाकिस्तानपेक्षा बरेच जास्त आहेत. एका कारणाने सगळं उलगडत नाही, आणि ज्याने उलगडत नाही तेही पेपरमध्ये लिहायचं असतं.

दुसरं, दवाखान्यात बाळंतपण झालं म्हणजे नेमकं काय झालं हे कुणी विचारत नाही आणि मला हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बाळ बाहेर आलं आणि रडलं नाही, तर हातात एखादं मिनिट असतं. त्या मिनिटात त्याला कोरड्या कपड्याने खसाखसा पुसून, पाठ चोळून, तरीही श्वास नाही घेतला तर बॅग-मास्कने हवा देणारी नर्स टेबलापाशी उभी पाहिजे, मास्क बाळाच्या मापाचा पाहिजे आणि तो कपाटात कुलूपबंद नको. ती नर्स त्या वेळी एकटीच तीन बायकांकडे बघत असेल तर इमारत, बेड, उद्घाटनाची पाटी असून काय उपयोग? तुझ्या तक्त्यात मात्र ते "संस्थात्मक प्रसूती" म्हणूनच मोजलं जातं.

आणि घरी गेल्यावर? नवजात मृत्यूंपैकी साधारण तीन चतुर्थांश पहिल्या आठवड्यातच होतात. श्रीलंकेत पब्लिक हेल्थ मिडवाइफ असते, ती आपल्या भागातल्या गरोदर बाईची नोंद ठेवते आणि बाळंतपणानंतर घरी जाऊन आई-बाळ दोघांना बघते, आणि हे गेली कित्येक दशकं चालू आहे, त्यात तिथल्या बायका शिकलेल्या, सरकारी उपचार फुकट. आपल्याकडचं गडचिरोली तर तुला माहीतच आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या सर्च संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवलं, बाळाचं वजन कर, ताप बघ, श्वास मोज, मिनिटाला ६० किंवा जास्त भरला तर सावध हो, जंतुसंसर्ग दिसला तर अँटिबायोटिक दे. तिथला नवजात मृत्युदर १९९३-९५ मध्ये हजारी ६२ होता तो १९९७-९८ मध्ये २५ वर आला, आणि ज्या शेजारच्या गावांत हे काम नव्हतं तिथे तो जवळपास होता तिथेच राहिला. गावोगाव नवं हॉस्पिटल नाही बांधलं कुणी! नंतर २०११ पासून आशाताईंच्या घरभेटी देशभर सुरू झाल्या त्या याच कामाच्या आधारावर.

आता आकड्यांबद्दल, कारण इथे तू अगदीच भोळेपणाने वागलीस. जे बाळ जन्मलं, हृदय चालू होतं पण रडलं नाही, ते खूप ठिकाणी "मेलेलंच जन्मलं" म्हणून लिहिलं जातं आणि नवजात मृत्यूत येतच नाही. म्हणजे जिथे नोंद ढिली तिथे दर उगाच चांगला दिसू शकतो. नेपाळचा आकडा बघ, २०२२ च्या घरोघरच्या सर्व्हेत २१ आणि यूएनच्या अंदाजात १७ च्या आसपास. कुठला घेतलास आणि का, ते लिही, आणि एका देशाचा सर्व्हेचा, दुसऱ्याचा अंदाजाचा असं मिसळू नकोस.

शिवाय "भारत" असा एकच बार काढलायस तो काढून टाक. २०२० च्या एसआरएसमध्ये, म्हणजे सरकारच्या जन्म-मृत्यूंच्या नमुना सर्व्हेत, केरळ ४ आणि मध्य प्रदेश तिशीच्या आसपास, म्हणजे श्रीलंका ते पाकिस्तान यातलं बरंचसं अंतर आपल्या एकाच देशात आहे. याची सरासरी काढून कुठल्या आईबद्दल बोलणार आपण?

तर आधी पाकिस्तान-बांगलादेशचा भाग नव्याने लिही, दवाखान्यात कोण हजर होतं आणि पहिल्या दोन दिवसांत बाळाची तपासणी झाली का हे दोन्ही सर्व्हेंमधून शोध, मिळेल. तक्ता अजून पाठवू नकोस, नुसता मजकूर पाठव, रविवारी बसून बघूया.

तुझी,
मॅडम