गिलाव्यामागची भिंत

प्रश्न : लंडनमधील कंबरलँड टेरेस या पांढऱ्याशुभ्र घरांच्या रांगेचे छायाचित्र पाहिले. ती दगडी आहे का? पैठणच्या आमच्या जुन्या वाड्याचा चुन्याचा गिलावा सुटत आहे. त्यावर सिमेंट लावावे का?

उत्तर : ती रांग दगडी नाही. वास्तुविशारद जॉन नॅश यांच्या आराखड्यानुसार १८२६च्या सुमारास उभ्या राहिलेल्या या घरांच्या भिंती विटांच्या असून, त्यांवर दगडाचा भास देणारा गिलावा चढवलेला आहे. आणि घरे वेगवेगळी असली तरी दर्शनी बाजूचे आयोनिक (माथ्यावर गुंडाळीसारखी नक्षी असलेले, ग्रीक शैलीचे) स्तंभ व मधली शिल्पमंडित त्रिकोणी शिरोपट्टी यांमुळे एकच राजवाडा उभा असल्यासारखे वाटते. आपल्या बीबी का मकबऱ्यातही संगमरवर मोजकाच आहे. पुष्कळसा भाग काळ्या दगडावरील घोटीव गिलाव्याचा आहे, आणि मला तो अधिक मोलाचा वाटतो.

सिमेंट मात्र कृपया लावू नका. जुन्या भिंतीत मुरलेली ओल चुन्यातून बाहेर पडते. सिमेंटच्या थरामागे ती कोंडते, क्षार साचतात आणि विटांचा भुगा होऊ लागतो. गिलाव्यावर बोटाने हलकेच टिचकी मारून पाहा. जिथे पोकळ आवाज येईल तेवढाच भाग काढा, भिंत भिजवा आणि चांगला मुरवलेला चुना व चाळलेली वाळू यांचे पातळ थर द्या. हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून चुना सावकाश कठीण होतो. म्हणून मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हे काम टाळावे, आणि एरवीही ओले गोणपाट लावून थर काही दिवस दमट ठेवावा.