मोकळी जागा सोडून माणसे दाटीवाटीने का राहतात, आणि दाटीमुळे समाज बिघडतो का?

माझ्या मते माणूस मोकळी जागा पाहून बिऱ्हाड थाटत नाही. काम कोठे मिळेल आणि तेथे आपले कोण आहे, एवढेच तो पाहतो. मुंबईच्या गिरणगावावरून, म्हणजे कापडगिरण्या आणि कामगारांच्या चाळी असलेल्या भागावरून, हे स्पष्ट होते. कोकणातील तुटपुंज्या भातशेतीवर घर चालेना, तेव्हा रत्नागिरीकडील तरुण बोटीने मुंबईस आले आणि गावकीच्या, म्हणजे एका गावच्या लोकांनी मिळून घेतलेल्या, खोलीत पथारी टाकून राहिले. दिवसपाळीचा कामगार उठला की रात्रपाळीचा त्याच जागी आडवा होई. नोकरी ओळखीने लागे, जेवण खाणावळीत होई आणि भोंगा झाल्यावर गिरणीत पायी पोहोचणे भाग असे. त्यामुळे दूरची प्रशस्त जागा त्यांच्या उपयोगाचीच नव्हती.

परिणामांचा विचार करताना दाट वस्ती आणि कोंदट घर यांत फरक करावा लागतो: पहिलीत पुष्कळ घरे जवळजवळ असतात, दुसऱ्यात पुष्कळ माणसे एकाच खोलीत असतात. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरल्यावर १८९८ मध्ये शहरसुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट ही सरकारी संस्था स्थापन झाली व तिने दाट वस्त्या पाडल्या. परंतु कामाचे ठिकाण न सुटल्याने बेघर झालेले अनेक जण शेजारच्या चाळींत शिरले आणि तेथील कोंडी वाढली. पुढे सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या बीडीडी चाळींतील खोली १६० चौरस फुटांची, आणि तीत अख्खे कुटुंब. वस्तीच्या दाटीमुळे संपाची हाक एका संध्याकाळीत चाळभर पोहोचे व अडचणीत शेजारी धावून येत, हे खरे आहे. तथापि चाळीच्या आपुलकीचे गोडवे गाणाऱ्यांपैकी पहाटे नळावर रांग लावणारे फारच थोडे असावेत. आडोशाअभावी बायकांची झालेली कुचंबणा त्या आठवणींत सहसा येत नाही.

दाटीचा दुसरा परिणाम शहरात दिसतच नाही; तो गावाकडे दिसतो, कारण खोलीत जागा नसल्याने अनेकांनी बायकामुले गावीच ठेवली. २०११ च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे रत्नागिरी जिल्ह्यात ११२२, तर मुंबई शहर जिल्ह्यात ८३२ स्त्रिया होत्या. एकीकडची कोंदट खोली आणि दुसरीकडचे कर्त्या पुरुषांविना चाललेले घर यांचा एकत्रित विचार केल्याशिवाय आपल्या प्रश्नाचे उत्तर पुरे होत नाही.

गिरणी कामगारांच्या १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि जागांचे भाव चढले. २००१ ते २०११ या काळात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या घटली, रत्नागिरीचीही घटली. तत्कालीन ठाणे जिल्ह्याची मात्र एक तृतीयांशाहून अधिक वाढली, कारण परवडणारे घर आणि कामावर नेणारी लोकल या दोन्ही गोष्टी तेथे एकत्र मिळत होत्या.